ठकीची जागा

वृंदाबाई कर्णिकांच्या घरी जेवणाच्या खोलीतल्या फडताळात पेपर घालायची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी डबे खाली उतरवायचे, मळके कागद काढायचे, नवे अंथरायचे, आणि अंथरताना पान सहा खाली गेलं पाहिजे. पान सहावर 'सुखवस्तूंचं घर' छापून येई. डाळीचा डबा उचलला की खालून माई सुखवस्तू आपल्याकडे बघून ढेकर देते आहे, हे त्यांना सहन होत नसे. तळणाखालचा कागदही त्या उपडाच घालत. एकदा चुकून तो सुलटा पडला आणि गरम पुरीवर माईचं उघडं तोंड उमटलं. ती पुरी त्यांनी चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकली आणि ओटा दोनदा धुतला.

'सुखवस्तूंचं घर' ही चित्रमालिका दैनिक 'उल्हासतीर'मध्ये बत्तीस वर्षं रोज येत होती. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत लोक निधनवार्तांच्याही आधी ती वाचत. रोज तीन चौकटी. नाना सुखवस्तू गंजीफ्रॉकात बसून अंग खाजवी, माई ढेकरा देई, त्यांचा गुंड्या तोंडाचा आ करून लाळ गाळी, आणि तिसऱ्या चौकटीत सगळे 'ख्या ख्या ख्या' करून हसत. संपलं. यात विनोद कुठे आहे ते वृंदाबाईंना बत्तीस वर्षांत कळलं नाही. काढणारा त्यांचा नवरा होता, श्रीपाद, आणि काढलेलं घर त्यांचंच होतं. अंबरनाथ पूर्वेच्या भाजीबाजारात अनोळखी बायका त्यांना बघून तोंडावर पदर धरत आणि 'माई आल्या' म्हणत. तेव्हा अंगावरून गोगलगाय गेल्यासारखं वाटे.

वृंदाबाई नगरपालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नजर लागणं, भूतबाधा असल्या गोष्टींना त्यांच्याकडे थारा नव्हता. माई छापून यायला लागली आणि तीन महिन्यांत त्यांना कच्च्या मुळ्याच्या वासाच्या ढेकरा सुरू झाल्या. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या डॉक्टरने पोटात नळी घालून पाहिलं. काही सापडलं नाही. वृंदाबाईंनी आपलं आपणच ठरवलं, पित्त. मुलगा उन्मेष सातव्या वर्षी तीसपर्यंत पाढे धडाधड म्हणायचा. बाराव्या वर्षी त्याचं तोंड मिटेनासं झालं, आणि आज एकोणचाळिसाव्या वर्षीही त्याच्या शर्टाची कॉलर ओली असते. त्यावर उत्तर, नाकाचं हाड. श्रीपादच्या अंगावर खाजवून खाजवून खवले धरले. ती एमआयडीसीची हवा. माणसाला चार लोक रोज गाढव म्हणाले तर पाचव्या दिवशी तो ओझं शोधायला लागतो, एवढंच यामागचं शास्त्र आहे असं त्या म्हणत.

पण नात झाली, राजसी, तेव्हा त्यांनी शास्त्र गुंडाळून ठेवलं. बाराव्या दिवशी त्यांनी श्रीपादचा हात धरून बाळाच्या डोक्यावर ठेवला.

"हिला काढायचं नाही. शपथ घे."

"अगं, गोड पोर आहे, लोकांना आवडेल."

"म्हणूनच. घे शपथ."

श्रीपादने मान खाजवत शपथ घेतली आणि ती पाळलीही. सहा वर्षं सुखवस्तूंच्या घरात मूल आलं नाही. या फेब्रुवारीत तो गेला.

त्या दोघांच्या कामाची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. श्रीपाद रेषा काढी आणि वृंदाबाई काळं भरत. केस, सावल्या, बुटांचे तळ, जे म्हणून काळं असेल ते सगळं त्यांच्याकडे. स्वयंपाक आटोपला की त्या जेवणाच्या टेबलावर बसत, बारीक ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करत आणि भरायला घेत. त्यामुळे खालच्या ओठावर उजवीकडे तिळाएवढा काळा ठिपका कायम असे. केस भरताना डाव्या बाजूला नखाएवढी पांढरी फट सोडायची, केसांना चमक यावी म्हणून, ही त्यांची खोड. असं दुसरं कोणी करत नसे. ज्या चित्रांचा त्यांना किळस होता त्यात बत्तीस वर्षं काळं त्यांनीच भरलं, कारण घर त्यावर चालत होतं. ही गोष्ट त्यांना स्वतःबद्दल कधी आवडली नाही.

श्रीपाद गेल्यावर 'उल्हासतीर'चे संपादक अण्णा म्हणाले, आहेत तेवढी चित्रं छापू. कपाटात महिन्या-महिन्याची खाकी पाकिटं होती. दर एक तारखेला वृंदाबाई कपाटात हात घालत, तोंड फिरवून वरचं पाकीट काढत आणि उन्मेषच्या हाती अण्णांकडे पाठवत. किती पाकिटं आहेत ते त्यांनी मोजलं नाही, आत काय आहे ते पाहिलं नाही. आजारपणात बसल्या बसल्या काढून ठेवली असतील, काळंही त्यानेच भरलं असेल, असं त्या धरून चालल्या होत्या. ती घाण आता आपल्याला बघावी लागत नाही, हेच सुख होतं.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला सकाळी राजाबाई भांडी घासत होती. राजाबाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येई. हात पुसत ती म्हणाली, "काकू, तुमची राजसी पेपरान आली ना!"

"कोण आली?"

"राजसी. मना वाचाला येत नाय, पन चित्र तं कलतं. दोन वेण्या न् नाकान बोट. मंग तेच बोट तोंडान. आमच्या पाड्यावरची पोरां लय हसतान."

वृंदाबाईंनी चष्मा शोधला. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी पान सहा सुलटं धरलं.

चित्रात सुखवस्तूंच्या टेबलाला चौथी खुर्ची लागली होती. तिच्यावर एक मुलगी. नाव लिहिलं होतं, ठकी. पहिल्या चौकटीत ती गुडघ्यावरची खपली नखाने उचकटत होती. दुसऱ्या चौकटीत ती खपली तिच्या जिभेवर होती. तिसऱ्या चौकटीत सगळे हसत होते आणि ठकी बोटं चाटत होती. उजव्या भुवईजवळ खड्डा होता. राजसीला कांजिण्यांचा आहे तसा, तिथेच. कांजिण्या तिला मे महिन्यात झाल्या. श्रीपादला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

त्यांनी फडताळातले डबे भराभर खाली काढले. कागद ओढून उलटे केले. हळदीच्या डागांत, तेलाच्या वर्तुळांत ठकी होती. मग रद्दीचा गठ्ठा सोडला. ठकी चोवीस ऑक्टोबरला आली होती. अठरा दिवस ती या घरात डब्यांखाली आणि रद्दीत उपडी पडून होती आणि त्या वरून डाळ-तांदूळ काढत होत्या.

"काकू, तुमच्या ओठाला काय लागलाय?" राजाबाईने विचारलं.

त्या आरशाकडे गेल्या. खालच्या ओठावर उजवीकडे तिळाएवढा काळा ठिपका होता. फेब्रुवारीनंतर तो गेला होता, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

राजसी शाळेत होती. तिच्या अभ्यासाच्या टेबलाचा खण त्यांनी उघडला. ही पोरगी म्हणजे हात धुतल्याशिवाय बिस्किटाला न शिवणारी. दहा-बारा दिवस नाक ओढत होती, तर सर्दी असेल म्हणून आजीने ओवा भाजून दिला होता. खणाच्या आतल्या कडेला नाकातली वाळलेली घाण चिकटवलेली होती. एका ओळीत, सारख्या अंतरावर, तीन-तीनचे गट करून. काही गटांतलं एखादं कमी होतं आणि तिथे दाताने खरवडल्याच्या खुणा होत्या.

वृंदाबाई तिथेच खाली बसल्या. ढेकर आली, मुळ्याच्या वासाची. या वेळी त्यांनी पित्त म्हटलं नाही.

दुपारी रिक्षा करून त्या कॅम्प एकला गेल्या. 'उल्हासतीर'चं ऑफिस एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानावर होतं. जिन्यात नव्या कापडाची खळ आणि तळलेल्या पापडाचा वास कोंदला होता. अण्णा त्यांना बघून उठून उभे राहिले.

"या वहिनी! खालचा साईं पण विचारत होता, ये ठकी किसने बनाई? पब्लिकला जाम आवडलीये. श्रीपादने जाता जाता काय चीज देऊन ठेवली!"

"अण्णा, ही बंद करा."

"काय बोलताय? बत्तीस वर्षांत एवढे फोन आले नाहीत."

"मग राहिलेली चित्रं मला द्या. थोडी दुरुस्ती करायची आहे."

अण्णांनी टेबलाच्या खणातून पाकीट काढलं, पण हातातच धरून ठेवलं. "एक गोष्ट विचारू? मागच्या आठवड्यात गुंड्या लिफ्टमध्ये अडकला, असं चित्र होतं. तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट कधी लागली?"

"गणपतीनंतर."

अण्णांनी पाकीट पुढे सरकवलं आणि शर्टाला हात पुसला.

घरी येऊन वृंदाबाईंनी वीस चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली. रेषा श्रीपादची होती. निदान तशीच होती. आणि ठकीच्या प्रत्येक वेणीवर, डाव्या बाजूला, नखाएवढी पांढरी फट सोडलेली होती.

त्या बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग श्रीपादच्या खणातली शाईची बाटली काढली. त्यांनीच ती फेब्रुवारीत बूच घट्ट लावून ठेवली होती. आता ती तळाला गेली होती आणि बूच ओलं होतं.

घाण वाटते म्हणून आपण बघितलं नाही, आणि बघितलं नाही म्हणून पोर आत ओढली गेली. एवढं त्यांना लख्ख कळलं. बाकी काही कळलं नाही.

त्यांनी एकेक चित्र पाहिलं. पंधरा तारखेला कंगव्यातला मळ. सतरा तारखेला मोरीच्या जाळीतला केसांचा गुंता. बावीसला पालीचं तुटलेलं शेपूट, अजून वळवळतं. आणि तीस तारखेला, शेवटच्या चित्रात, ठकी ओट्याखाली वाकून उंदराच्या औषधाची वडी उचलत होती. दुसऱ्या चौकटीत तिचा गाल फुगला होता. तिसऱ्या चौकटीत नाना, माई आणि गुंड्या ख्या ख्या ख्या करत होते, आणि चौथ्या खुर्चीवर नुसत्या दोन वेण्या पडल्या होत्या.

तशी वडी त्यांच्या ओट्याखाली होती. चौकोनी, गुलाबी, मधोमध भोक. वृंदाबाई उठल्या, ती वडी चिमट्याने पिशवीत घातली आणि खाली सोसायटीच्या कचऱ्यात नेऊन टाकली. मग दाढीचं ब्लेड घेऊन त्या अकरा तारखेच्या चित्राला बसल्या.

ठकीची रेषा बारीक होती. खरवडली की भुशासारखी निघे. पण ठकी जे खात होती ते काळं भरलेलं होतं, आणि ते काही निघेना. कागद फाटेपर्यंत खरवडलं तरी काळं खाली होतंच, जाडीच्या आतपर्यंत मुरलेलं. भरताना हात कधीच हलका नसतो माझा, असं त्या पुटपुटल्या. शेवटी नुसती ठकी पुसून, खुर्ची रिकामी ठेवून त्यांनी ते चित्र उन्मेषला दिलं. फोनवर फोटो काढून अण्णांना पाठव, म्हणाल्या.

"आई, इथे कोणीच नाहीये," उन्मेष आ वासून बघत राहिला. "खायचं नुसतं हवेत लटकतंय."

"लटकू दे."

दुसऱ्या दिवशी ते तसंच छापून आलं. राजसी अंथरुणातून उठली नाही.

ताप नव्हता. डोळे उघडे होते. हात उचलला तर उचलला जाई, सोडला तर ओल्या फडक्यासारखा पडे. वृंदाबाईंनी बोटाने गाल दाबला. पडलेला खळगा तसाच राहिला, भरला नाही. सून सई बँकेतून रजा टाकून धावत आली, तिने डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. सई रडायला लागली. वृंदाबाई त्या गालावरच्या खळग्याकडे बघत होत्या.

चौकटीत जागा रिकामी ठेवून चालत नव्हतं. काळं पुसता येत नव्हतं. म्हणजे ते कोणाला तरी खावंच लागणार होतं.

दुपारचे दोन वाजले होते. चारपर्यंत उद्याचं चित्र पाठवायचं होतं.

वृंदाबाईंनी आयुष्यात कधी रेषा काढली नव्हती. पण माई त्यांना काढता आली. पोटाचा गोळा, अंबाड्याचा गोळा आणि तोंडाचं भोक. बत्तीस वर्षांची ओळख होती. ब्रशचं टोक त्यांनी ओठांत धरलं. ठकी खरवडली आणि तिच्या जागी माईला बसवलं. टेबलाला आता माई दोन झाल्या, एक हसणारी, एक खाणारी. एक झालं, दुसरं घेतलं. केसांचा गुंता माईच्या हातात गेला. पालीचं शेपूट माईच्या ओठांत गेलं. त्या मध्ये मध्ये मोरीत जाऊन ओकत होत्या आणि चूळ भरून पुन्हा बसत होत्या.

शेवटच्या चित्रावर हात थबकला. थोडा वेळच.

तिथेही त्यांनी माई काढली. तिसऱ्या चौकटीतल्या खुर्चीवरच्या वेण्या खरवडून एक अंबाडा ठेवला. अंबाड्याच्या डाव्या बाजूला फट सोडायला त्या विसरल्या नाहीत.

बारा तारखेला राजसी उठली, दात घासले आणि भूक लागली म्हणाली. खणाची कडा बघून ती किंचाळली, "शी! हे कोणी केलं?" वृंदाबाईंनी तिला जवळ घेतलं. त्यांना रडू आलं, सुखाचंच रडू होतं ते.

पंधरा तारखेला कंगवा साफ करताना त्यांचं बोट आपोआप तोंडात गेलं. त्या भडाभडा ओकल्या.

सतरा तारखेला त्या भानावर आल्या तेव्हा मोरीत गुडघ्यांवर होत्या आणि घशात काहीतरी अडकलं होतं. दोन बोटांनी ओढून काढलं. ते येतच राहिलं, लांब, ओलं, साबणाच्या चवीचं. या वेळी ओकारी थोडीच आली.

बावीस तारखेला आलीच नाही.

तेव्हा मात्र त्या घाबरल्या. आयुष्यभर त्यांना घाण वाटत आली होती, त्या वाटण्याच्या जोरावर त्या या घरात ताठ उभ्या होत्या. आता तेच सुटत चाललं होतं. जो ओटा दोनदा धुवायचा, त्याच्या फटीतला चिकटा बघून त्या रेंगाळत.

राजसी त्यांच्याशेजारी जेवायला बसेनाशी झाली. ताट उचलून पलीकडे जाई. "आजी, तुझ्या तोंडाला वास येतो," ती एकदा म्हणाली. सईने तिला दटावलं. वृंदाबाई म्हणाल्या, "नको रागावू. बरोबर बोलतेय ती." आणि त्यांना खरंच बरं वाटलं. पोरीला घाण वाटत होती. पोर शाबूत होती.

तीस तारखेला रविवार होता. फडताळ काढायला अजून आठवडा होता, पण राजसीने हट्ट धरला, मी कागद घालणार. तिने ताजाच पेपर घेतला. पान सहा दिसताच नाक मुरडलं, "शी" म्हणाली आणि ते उपडं करून तळहाताने सपाट केलं. वृंदाबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. हे त्यांनी तिला शिकवलं नव्हतं.

"उपडंच घालायचं ना आजी?"

"हो," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण घालायच्या आधी रोज एकदा बघत जा. घाण वाटली तरी बघायचं."

राजसीने मान डोलावली, पण डबे परत मांडण्याच्या नादात तिने ते ऐकलं की नाही कोण जाणे. उन्मेष आणि सई बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते. टीव्हीवर कोणीतरी काहीतरी बोललं आणि ते दोघं हसले.

राजाबाई हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काकू, उंदीर परत आलंत. पयली वडी कोनी टाकली कलला नाय, म्हून मी नवीन आनून ठेवली ओट्याखाली. पोरीला सांगा, हात लावू नको म्हनून."

"ती नाही लावणार," वृंदाबाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून बारीकसा वास येत होता. गुलाबी, पिठूळ, थोडा गोड. त्यांनी पदराने ओठ पुसले. तोंडाला पाणी सुटलं होतं.